हजेरीचं कापड

चौतीस वर्षांत डागोबाच्या हातून चुकीची बाटली उचलली गेली नव्हती, ती त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास उचलली गेली. समोरच्या फळीवर कुणा बाईचा फिकट निळा रेशमी झगा, त्याच्या गळ्याजवळ अंड्याच्या बलकाचा वाळलेला डाग. अशाला आधी थंड पाणी, मग थेंबभर अमोनिया, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. पण कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन धरलेला, फोनवर परदेशातली लेक, आणि लेक म्हणाली, "बाबा, आईचं कापड काढून ठेव हं. उद्या आम्ही पोचायच्या आत टेबलावर अंथरलेलं असू दे. तुझ्या जावयाकडून मी एकेक डाग तोंडपाठ करून घेतलाय." डागोबा म्हणाला, हो हो, ठेवतो की, त्यात काय, आणि त्याने व्हिनेगरची बाटली झग्यावर दाबली. बलक होता तिथेच असा घट्ट बसला की आता ब्रह्मदेव खाली उतरला तरी सुटणार नव्हता. पलीकडे इस्त्री फिरवणाऱ्या मावशींनी मान न वळवता विचारलं, काय हो, आज लक्ष कुठे गहाण टाकलंय? बायकोचं ते कापड कपाटात होतं, घडी घालून, कडक इस्त्री करून होतं, आणि त्याच्यावर एकही डाग नव्हता. मागच्या रविवारी त्याने ते स्वतःच्या हाताने धुतलं होतं. एवढी एकच गोष्ट लेकीला सांगायची होती, आणि तेवढी सोडून बाकी सगळ्याला तो हो म्हणून बसला होता.

डागोबा हे नाव मावशींनीच ठेवलेलं, तो लॉन्ड्रीत लागला त्या पहिल्याच महिन्यात. जो डाग कुणाला निघत नाही तो ह्याला निघतो, तेव्हा हा आमचा डागोबा, ह्याला नवस बोला, असं त्या गिऱ्हाइकांना सांगत. नाव असं चिकटलं की मालकीणबाईंनाही त्याचं खरं नाव आठवायला कागद बघावा लागे. थंडीची मोठी सुट्टी आली की लॉन्ड्रीत कापडांचा डोंगर व्हायचा. सुट्टीच्या आधी धुऊन ठेवलेली, सुट्टीनंतर माखून आलेली, आणि मधल्या आठवड्यात लोकांचे पार्टीचे झगे, कोट, सुना-सासवांच्या शाली. मालकीणबाई दरवर्षी म्हणायच्या, कुठलाही देश घ्या, कुठलंही घर घ्या, खायचं, प्यायचं, गळ्यात पडायचं, माणसं सगळीकडे सारखीच. डोंबल सारखी! त्यांनी कधी टेबलाचं कापड उजेडात धरून पाहिलं होतं का? एका घरून येणाऱ्या कापडावर मेणाचे थेंब असायचे, एका रेषेत, मोजून चौदा. त्या घरात माणसं पाचच होती, बाकीचे नऊ कोण ते विचारायची त्याची छाती झाली नाही. एका घरच्या कापडाच्या मधोमध पावलांचे ठसे, कारण त्यांच्यात सर्वात लहान पोराने टेबलावर उभं राहून सगळ्यांच्या वर्षभराच्या चुका वाचून दाखवायच्या. एका म्हाताऱ्याचं कापड यायचं ते एकाच कोपऱ्यात मळलेलं, उरलेलं सगळं जसंच्या तसं, आणि तरी दरवर्षी तो आठ माणसांचं कापड अंथरायचा. देश वेगळे तर रीत वेगळी हे कुणीही कबूल करील, पण एकाच जिन्यावरच्या समोरासमोरच्या दोन दारांत एवढी तफावत असते, की उंबरठा ओलांडायला पासपोर्ट लागावा. हे डागोबाला ठाऊक होतं. म्हणजे दुसऱ्यांच्या बाबतीत ठाऊक होतं. दुसऱ्याच्या घरचं शहाणपण आपल्या घरात शिरताना चपला बाहेर काढून शिरतं आणि तिथेच हरवतं.

त्याच्या स्वतःच्या आईकडे ह्या सुट्टीला ना टेबल होतं ना पाहुणे. होतं ते एक भलंमोठं पातेलं. आठवडाभर आधीपासून आई घरातली कापडं उकळायला काढायची, पडदे, गोधड्या, उशांचे अभ्रे, बापाची टोपी, पोत्याचं पायपुसणं सुद्धा. शिळं कापड नव्या वर्षात न्यायचं नाही, हा तिचा कायदा. तिच्या आईचाही तोच होता आणि त्याच्या मागे तो कुठवर जातो ते कुणी पाहिलं नव्हतं. प्रत्यक्ष सुट्टीच्या दिवशी खिडक्या उघड्याबोडक्या असायच्या, स्वयंपाकघरभर ओल्या कापडांच्या भिंती लोंबायच्या, आणि सगळं घर एकेका कपड्यावर, एकाच कोरड्या कांबळ्यात शिरून, काही न बोलता बसायचं. बोलायचं नाही हाही कायदाच. का ते विसरलं होतं, कायदा राहिला होता. फक्त बाप दिवसातून एकदा म्हणायचा, चला, आज आपण सगळे धुतल्या तांदळासारखे. मग आई हसायची. तिचे हात कोपरापर्यंत लाल झालेले असायचे, बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असायच्या, आणि ती हसायची. डागोबाला आयुष्यात सुख म्हणून जे माहीत होतं ते त्या वाफेत होतं. कुणावर जीव असला की त्याचं कापड स्वच्छ करायचं, याच्या पलीकडे दुसरी भाषा त्या घरात कुणी त्याला शिकवली नाही.

आणि बायको मिळाली ती नेमकी हजेरीचं कापड घेऊन आलेली. ती दुसऱ्या देशातली; लग्न करून आली तेव्हा तिच्याजवळ एक पेटी आणि पेटीत तिच्या पणजीने विणलेलं लिननचं कापड, अडीच मीटर लांब. त्यांच्यात ते वर्षातून एकदाच अंथरायचं, थंडीतल्या सगळ्यात लहान दिवशी, भर दुपारी जेवताना. त्याच्यावर कुणाचं काही सांडलं तर पुसायचं नाही. सगळ्यांनी हातातले चमचे खाली ठेवायचे, घरातल्या बाईकडे बघायचं, ती एक शब्द म्हणायची आणि मग बाकीच्यांनी तो म्हणायचा. तिच्या भाषेत डागाला आणि येण्याला एकच शब्द होता. आपल्या भाषेत त्याचं काय करावं ह्याच्यावर तिने चार हिवाळे घालवले आणि शेवटी "आला" आणि "आली" ह्याच्यावर समाधान मानलं. ज्याचं सांडलं तो घरात आला. नुसता बसायला नाही, कायमचा आला. कापड कधी धुवायचं नाही, उन्हात घालायचं, घडी करायची, पेटीत ठेवायचं. तिच्या आजोबांचा चहा होता एका काठाला, इतका फिकट की ठाऊक नसेल त्याला दिसू नये. तिच्या मावशीची निळी शाई होती, कारण मावशी जेवतानाही पत्रं लिहायची. तिच्या आईचा बलक होता, आणि एका चुलत्याचं थेंबभर रक्त, भांडणात नव्हे, पाव कापताना बोट कापलं म्हणून. शेजारची बाई एकदा बोलता बोलता म्हणाली, आम्ही लेकीच्या अंगावर सोन्याचे चार डाग घातले. ते ऐकून बायको धावत घरी आली. म्हणजे तुमच्यातही डाग म्हणजे दागिना! मग तुम्ही लोक दिवसभर धूत काय बसता? डागोबाला हसू फुटलं होतं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, आणि हसू फुटायला फारसं कारण लागत नव्हतं.

पण ते कापड त्याला सलायचं. उगाच खोटं कशाला बोला. दरवर्षी ती ते अंथरायची आणि त्याची बोटं शिवशिवायची. हा चहा, ह्याला व्हिनेगर. ही शाई, हिला स्पिरिट, थेंबाथेंबाने. हे रक्त, कुणीतरी चुकून गरम केलंय, तरी दोन दिवसांत आणतो जाग्यावर. जेवताना त्याच्या मनात हे चालायचं आणि तोंडाने तो म्हणायचा, सूप छान झालंय. बायकोला ते कळायचं. ती त्याचं मनगट पकडून म्हणायची, हात टेबलाखाली ठेव, लबाडा. बत्तीस हिवाळ्यांत त्याच्या स्वतःच्या हातून त्या कापडावर एक थेंब सांडला नाही. धंद्याची सवय, पेला उचलताना तळाला बोट लावून उचलायचा, चमच्याखाली पावाचा तुकडा धरायचा. लेक दोन वर्षांची असताना तिने शिजवलेल्या बिटात हात घातला आणि कापडावर पाचही बोटं उमटवली. "आली!" म्हणून त्या दिवशी केवढा आरडाओरडा झाला, बायको रडली सुद्धा. पुढे तीच लेक नऊ वर्षांची झाल्यावर बापाची दया येऊन हळूच त्याचा कप कलंडवायला गेली, तर आईने हात धरला. मुद्दाम सांडलेलं चालत नाही. मुद्दाम सांडलेला तो नुसता डाग. मग ती डागोबाकडे बघून म्हणाली, तू ह्या घरात अजून आलाच नाहीस बघ. चेष्टाच होती. पण चेष्टेतलं एखादं वाक्य कुसळासारखं मोज्यात राहतं, काढलं काढलं म्हणता तिथेच असतं.

मागच्या हिवाळ्यात दोघंच होते. लेक चार वर्षं परदेशात, येते येते म्हणायची आणि यायची नाही. कधी नोकरी, कधी तिकीट, कधी नुसतंच बघू. बायकोचा आजार तेव्हा हातापर्यंत आला होता. तरी तिने कापड अंथरायला लावलं, दोन ताटं मांडायला लावली. जेवणाआधीचं औषध ती चमच्याने घेत होती, काळसर तपकिरी, मधासारखं दाट, आणि हात थरथरला तो थांबलाच नाही. चमचाही सांडला आणि मागोमाग बाटलीही. डाग तिच्या ताटासमोरून सुरू झाला आणि तिच्या आईच्या बलकापर्यंत गेला. आता चमचा खाली ठेवून डागोबाने तिच्याकडे बघायला हवं होतं. तिने शब्द म्हणायचा, मग त्याने म्हणायचा, एवढंच काम. तिने म्हटला. त्याच्या घशातून शब्द निघेना. तो उठला आणि रुमालाने टिपायला लागला. बायकोने मनगट धरलं, पण धरायला तिच्यात जोर नव्हता, नुसते हाताला हात लागले. "पुसू नकोस रे," ती म्हणाली, "मी आलेय." संध्याकाळी तिने लेकीला फोनवर सांगितलं, ह्या वर्षी मी फार लांबवर आलेय, येशील तेव्हा बघ. मार्च संपायच्या आत ती गेली. लेक आली ती तीन दिवसांसाठी. त्या तीन दिवसांत पेटी उघडायचं कुणाला सुचलं नाही.

मागच्या रविवारी त्याने पेटी उघडली ती लेक येणार म्हणूनच. कापड उन्हात घालायचं, पुन्हा घडी करायची, बस. पण अंथरलं आणि तो तपकिरी डाग दिसला. वर्षभरात तो अधिकच काळा पडला होता, कडेला चिकट होता, आणि त्याला अजून त्या बाटलीचा वास होता. डागोबा त्याच्याकडे बघू शकेना. ही ती नव्हे, असं तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला. हा तिचा आजार आहे. आजाराला कशाला हजेरी? लेकीने दारातून आत यावं आणि तिला आईच्या जागी हे औषध दिसावं? तेवढाच काढतो, त्याने ठरवलं. बाकी कशालाच हात लावायचा नाही, तेवढाच एक. ग्लिसरीन लावून त्याने तासभर ठेवला, मग कोमट पाणी, मग व्हिनेगर, मग पेरॉक्साइडचा हलका हात, आणि डाग सुटला. जिवाला केवढं हलकं वाटलं. आणि मग कापड वाळलं. जुन्या कापडावरचा डाग काढला की त्या जागी डागापेक्षा वाईट गोष्ट उरते, ती म्हणजे स्वच्छ जागा. ऐंशी वर्षांच्या पिवळसर लिननवर हातभर पांढराशुभ्र भोपळा उठला, त्याला भोवती तपकिरी कड. हे त्याने शिकाऊ पोरींना शंभरदा सांगितलं होतं, जुन्या कापडावर एकच डाग काढू नये. मग कड घालवायची म्हणून तो थोडा बाहेर सरकला. कड पुढे गेली. बलकाला लागली, बलक अर्धा विरला. अर्धा बलक ठेवून काय करायचं? तो काढला. तिथून शाईशी आला. प्रत्येक वेळी तो म्हणत होता, एवढंच, आणि प्रत्येक वेळी ते खरं होतं. दुपार सरली तेव्हा निम्मं कापड पांढरं आणि निम्मं पिवळं, आणि पिवळ्यात कोपऱ्याला लेकीचा बिटाचा हात. त्याच्यापाशी डागोबा बराच वेळ बसून राहिला. शेवटी त्याने आईचं मोठं पातेलं काढलं. पाणी उकळायला लागल्यावर वाफ तोंडावर आली, आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी त्याला बरं वाटलं. पातेल्यात काठी फिरवताना तो सात वर्षांचा होता आणि घरातलं कुणी मेलेलं नव्हतं.

हे लेकीला फोनवर सांगणार कसं? शिवाय ती थांबतच नव्हती. तिला आनंद झाला होता, आणि आनंद झाला की ती आईसारखी एका दमात बोलायची. नवरा तिसऱ्याच देशातला. त्यांच्या घरी म्हणे थंडीच्या सुट्टीत एका खोलीतलं सगळं सामान बाहेर काढतात आणि दिवसभर भिंतींना पाठ लावून जमिनीवर बसतात, मध्ये काही म्हणजे काही ठेवत नाहीत. का, असं तिने सासूला विचारलं, तर सासू म्हणाली, जागा व्हावी म्हणून. कशाला जागा, ते सासूलाही ठाऊक नाही. पहिली दोन वर्षं तिला तिथे रडू यायचं, बाबा, त्या रिकाम्या खोलीत. मग तिने नवऱ्याला कापडाबद्दल सांगितलं, कागदावर नकाशा काढून दाखवला, आजी इथे, मावशीआजी इथे, मी इथे. आणि आता आणखी एक सांगायचंय, ती म्हणाली, आणि थांबली. उन्हाळ्यात तू आजोबा होणार आहेस. तेव्हा कापड आता आम्ही घेऊन जाऊ, चालेल ना? आमच्याकडे मध्ये अंथरू, जमिनीवर. बाळालाही कुठेतरी यायला हवं. डागोबा म्हणाला, चालेल की, तुझंच आहे. फोन ठेवल्यावर तो निळ्या झग्यासमोर उभा राहिला. मावशी इस्त्री सोडून जवळ आल्या, झगा पाहिला, त्याचं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, घरी जा आज. तो म्हणाला, घरीच तर जायचं नाहीये मावशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कापड टेबलावर अंथरलं. काय पण दिसत होतं! चार पिढ्यांचा चहा, शाई, रक्त गेलं आणि खालून विणकाम वर आलं होतं, धागान् धागा मोजून घ्यावा. एखाद्या गिऱ्हाइकाचं असतं तर त्याने मालकीणबाईंना बोलावून दाखवलं असतं. हातात सगळी रात्र होती तेव्हा काही केलं नाही, आता तीन तास उरल्यावर त्याला अक्कल सुचली. डाग कुठे कुठे होते ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बत्तीस वर्षं त्याने जेवताना दुसरं केलं काय? त्याने चहा केला, बराच पातळ, गार होऊ दिला. आजोबांचा डाग काठापासून चार बोटं आत, पेरूच्या आकाराचा, एका बाजूला ओघळ. त्याने चमच्याने चहा सोडला, फुंकर घालून ओघळ वळवला. अगदी हुबेहूब आला. तो मागे सरून बघायला लागला. तो चहा होता. टेबलाच्या कापडावर पडलेला चहा, कुणाच्याही घरी पडतो तसला. त्यात कुणी म्हातारा नव्हता, कुणाचा हात हलला नव्हता, कुणी हसलं नव्हतं. आणि असे वीस-बावीस करायचे, शाई आणायची, बोट कापायचं? मग बीट उकडायचं, आणि आपल्या एकसष्ट वर्षांच्या पंजाने दोन वर्षांच्या पोरीचा पंजा उमटवायचा? त्याने व्हिनेगरची बाटली घेतली. डाग ओलाच होता, सहज निघाला. तेवढी जागा वाळवायला इस्त्री फिरवताना तो स्वतःला तोंडाला येईल ते बोलत होता, गाढवा, दळभद्र्या, आणि ज्या शिव्या आईने कधी ऐकून घेतल्या नसत्या त्याही.

लेक आणि जावई एकच्या सुमाराला आले. बाहेर ऊन होतं पण त्यात जीव नव्हता. दोघांच्या अंगावर थंडीचा वास होता. जावई उंच, दारात वाकून आत आला, आणि पाठ केलेलं एकच वाक्य नीट म्हणाला, बाबा, कसे आहात. लेक कोट न काढताच टेबलापाशी गेली. पोट दिसायला लागलं होतं. ती टेबलाकडे बघून हसली, दुसरं घातलंस का, बरं केलंस, ते आता जपायलाच हवं, कुठे ठेवलंयस? डागोबाला वाटलं, किती सोपं आहे. माळ्यावर आहे म्हणावं. सापडत नाही म्हणावं. कसर लागली म्हणावं, उंदरांनी कुरतडलं म्हणावं, उंदरांना काय, ते बिचारे काही बोलत नाहीत.

"हेच ते," तो म्हणाला.

ती आधी समजलीच नाही. मग तिने कोपरा उचलून उलटा केला, तिथे आईच्या पणजीच्या हातचं रफू होतं, तारेसारखं बारीक. त्याच्यावर तिने अंगठा फिरवला. मग ती टेबलाच्या कडेकडेने आईच्या जागेपर्यंत गेली आणि तळहात कापडावर ठेवून सरकवत सरकवत पुढे नेला, जिथपर्यंत आई आली असेल तिथपर्यंत. कुठे थांबायचं ते तिला कळेना. हात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेला तेव्हा तिने तो उचलला.

"कशाने काढलास?"

आणि डागोबा, मूर्ख माणूस, उत्तर द्यायला लागला. आधी ग्लिसरीन, तासभर, मग कोमट पाणी, मग व्हिनेगर. ती मान हलवत होती, जणू उतरून घेत होती. तिने ओरडावं म्हणून तो वाट बघत होता. ओरडली असती तर त्यालाही ओरडता आलं असतं, बत्तीस वर्षांचं सगळं एकदाचं बाहेर पडलं असतं, की मला पुसण्यावाचून काही येत नाही गं, मला कुणी दुसरं शिकवलंच नाही, मी फक्त तिचं औषध काढायला गेलो होतो. ती ओरडली नाही. तिने जावयाला त्यांच्या भाषेत दोन वाक्यं सांगितली. जावयाने कापडाकडे पाहिलं, मग येऊन डागोबाच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताने डागोबा आतून पार कोसळला, पण उभा राहिला, कारण सूप आणायचं होतं.

जेवताना सगळे फार चांगलं वागले. लेकीने बटाटे छान भाजलेत म्हटलं, जावयाने दोनदा सूप घेतलं. विमानाला किती उशीर झाला, त्यांच्या घरासमोरचा रस्ता कसा खणून ठेवलाय, मावशी अजून लॉन्ड्रीत येतात का, सगळं बोलून झालं. डागोबाने नीट उत्तरं दिली. कापड न्यायचं की नाही, हा विषय निघाला नाही आणि तो निघणार नाही हे त्याला दुसऱ्या घासालाच कळलं. तेवढ्यात जावई पाव घ्यायला पुढे झाला आणि त्याच्या बाहीने पेला कलंडला. लाल वाइन, भरलेला पेला. डाग टेबलाच्या मध्यापर्यंत धावत गेला. जावयाने महिनाभर पाठ केलं होतं; त्याने चमचा खाली ठेवला, लहान पोरासारखा लाल झाला, आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून बायकोकडे बघत राहिला, तिने सुरू करावं म्हणून. डागोबानेही चमचा खाली ठेवला. शब्द त्याच्या ओठांवर होता. ह्या वेळी घशातून बाहेर आला असता, अगदी मोठ्याने आला असता, फक्त घरातल्या बाईने तो आधी म्हणायला हवा होता. लेक केव्हाच उठली होती. तिने रुमाल घेतला आणि डाग टिपायला लागली, घासून नव्हे, दाबून, बाहेरून आत, लहानपणी बापाने शिकवलं होतं तसं. मग मिठाची वाटी ओढली आणि मूठभर मीठ पसरलं. जावयाला ती हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली, तेव्हा त्याने तोंड मिटलं. मीठ गुलाबी होत चाललं होतं. लेकीने वर न बघता विचारलं,

"बाबा, हा निघेल ना?"

डागोबाने पाहिलं. डाग ताजा होता.

"निघेल," तो म्हणाला.